उघडा राहिलेला चाकू

व्हर्नाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर एक बशी होती आणि त्या बशीत डॅडींचा चाकू दोन वर्षं उघडाच पडलेला होता. दर शनिवारी ती बशी उचलायची, फ्रिज पुसायची, बशी परत ठेवायची. चाकूला हात लावायची नाही. अर्कान्सॉच्या त्या डोंगराळ भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की चाकू ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा. दुसऱ्यानं मिटला तर घरावर काहीतरी ओढवतं. व्हर्नाचा यावर फारसा विश्वास नव्हता. पण ओढवायचं तेवढं ओढवून झालं होतं, त्यात आणखी भर कशाला, असं तिला वाटायचं.

डॅडींनी तो उघडला होता सफरचंद सोलायला. साल अर्धी निघाली आणि झटका येऊन ते खुर्चीतच कलले. उजवा हात गेला तो गेलाच, मग हळूहळू डोक्यातली माणसंही गेली. व्हर्नाचा धाकटा भाऊ डेल्मर तेवढा राहिला, जो तीन राज्यं पलीकडे ट्रक चालवतो आणि नाताळला फोन करतो. दुरून डोंगर साजरे. कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी करून येऊन जी त्यांचं हगणंमुतणं काढायची, ती व्हर्ना त्यांच्या लेखी कुणी पगारी नर्स होती. "बाई, उशी जरा वर करता का?" असं अदबीनं विचारायचे. शिव्या दिल्या असत्या तर तिला परवडलं असतं.

चाकू तरी केवढा, मिटला तर करंगळीएवढा. कोर्टासमोरच्या बाकावर म्हातारे चाकूंची अदलाबदल करत बसायचे, तिथे डॅडींनी एक दुभती शेळी देऊन तो मिळवला होता. मूठ मेंढ्याच्या शिंगाची. दोन जातींचं पोलाद घडीवर घडी घालून ठोकलेलं, त्यामुळे पात्यावर ओढ्याच्या पाण्यासारख्या रेघा उमटलेल्या. मम्मा आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा म्हणाली, "आता याचं दूध काढा."

चाकू देण्याचीही एक रीत होती. आपल्या माणसाला तो फुकट द्यायचा नाही. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या हातावर एक पेनी ठेवायची, नाहीतर नातं कापलं जातं. डेल्मरला पहिला चाकू दिला तेव्हा डॅडींनी त्याच्याकडूनही पेनी वसूल केली होती. टपालवाल्याला मात्र एक जुना चाकू असाच देऊन टाकला. त्याच्याकडून का नाही घेतली, असं छोट्या व्हर्नानं विचारलं होतं.

"त्याचं-आपलं आहे काय तुटायला?" डॅडी म्हणाले होते.

आज त्यांना वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. त्यांना उचलता उचलता व्हर्नाची कंबर गेली होती आणि डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, की आता एकतर तुम्ही राहाल, नाहीतर ते. तिला रडू येत नव्हतं. फक्त झोपावंसं वाटत होतं, आणि त्यांनी घर सोडण्याआधी एकदा, एकदाच, आपण कोण हे त्यांना कळावं असं वाटत होतं. पण तसं काही होणार नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं.

डेल्मर सामान उचलायला आला होता. दोन पेट्या गाडीत टाकून आल्यावर त्याला फ्रिजवरची बशी दिसली. आश्रमात पातं चालत नाही, तर हा मीच नेतो, असं म्हणत त्यानं हात पुढे केला.

"ठेव खाली," व्हर्ना म्हणाली.

"अगं, आणखी किती दिवस असा उघडा ठेवणार आहेस? मिटून टाकू एकदाचा."

"आजवर काही मिटवायला आला नाहीस. हा पण नको मिटवूस."

डेल्मर ओशाळून बाजूला झाला. व्हर्नानं बशी डॅडींच्या चाकाच्या खुर्चीपाशी नेली. पात्याचा सांधा गंजला होता, त्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडला. मग खाली बसून तिनं मूठ घट्ट धरली आणि त्यांचा डावा तळवा पात्याच्या बोथट पाठीवर टेकवला. डॅडी बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिले. घाई करायचं त्राण तिच्यात नव्हतं. अखेर त्यांनी जोर लावला आणि चाकू मिटला.

त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला, अंगठ्यानं शिंगाची मूठ चोळली. डेल्मर पुढे झाला होता, पण त्याच्याकडे न बघता त्यांनी चाकू तिच्यापुढे धरला.

"घ्या, बाई."

नर्सला बक्षिशी. एवढ्या सगळ्याचं शेवटी हे, व्हर्नाच्या मनात आलं. ती थँक्यू म्हणाली, चाकू कोटाच्या खिशात टाकला आणि खुर्ची ढकलायला मागे गेली.

डॅडींचा हात मात्र तसाच पुढे होता. तळवा उघडा.

"काय पाहिजे, डॅडी?" डेल्मरनं विचारलं. "पाणी देऊ?"

डॅडींनी नाही म्हणून मान हलवली. हात मागे घेतला नाही. वळून व्हर्नाकडे बघत राहिले, ऐन वेळी कुणी रीत विसरावी आणि आठवण करून द्यायचाही संकोच वाटावा, तसे.

व्हर्ना जागच्या जागी थांबली. मग ती खिसे चाचपू लागली. किल्ल्या निघाल्या, गोळ्यांचं पाकीट निघालं. काय शोधते आहे ते डेल्मरच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्यानं मुकाट्यानं आपल्या खिशातली पेनी काढून पुढे केली.

"तुझी नको," ती म्हणाली.

कामावरच्या कोटाच्या फाटक्या अस्तरात एक पेनी अडकलेली सापडली. काळी पडलेली. तिनं ती डॅडींच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी मूठ वळली आणि हात मांडीवर घेतला.

"चला, बाई," ते म्हणाले. "उशीर होतोय."

व्हर्नानं डोळे पुसले आणि खुर्चीचा ब्रेक काढला. बाई तर बाई.