'दॅट'ची जागा

लेकीने कळ दाबली आणि काचेपलीकडे आई पुन्हा दार उघडायला लागली.

म्हणजे दार उघडत होती पडद्यावरची म्हातारी. आई नुसता तिचा आवाज. परक्या भाषेतल्या सिनेमावर इंग्रजी बोल चढवायचे होते. बोल लेकीने लिहिले होते, म्हातारीचे ओठ मोजून मोजून. म्हातारी दार उघडते, पायरीवर उभ्या मुलीकडे बघते आणि म्हणते,

"आय न्यू दॅट..."

आवाज चिरकला.

पुन्हा.

"आय न्यू दॅट यू..."

पुन्हा. पुन्हा तिथेच.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका," मास्तर माईकवरून आईला म्हणाले. डबिंग त्यांच्या हाताखाली चाले, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. "पण जेवणाच्या सुट्टीपर्यंतच स्टुडिओ आपला आहे. नाही जमलं तर बाहेर सोफ्यावर बसल्यात, त्या बाईंना..."

सोफ्यावरची बाईही आवाज देणारीच होती. गळ्याच्या ऑपरेशननंतरचं आईचं हे पहिलं काम. 'बऱ्या व्हा' म्हणणारे पुष्कळ भेटले होते, काम देणारं कुणी नाही. लेकीने मास्तरांच्या अक्षरशः मागे लागून आजची सकाळ मिळवली होती.

ती बाटली घेऊन आत धावली.

"मला जरा..." आई थांबली.

"पाणी. हे घे."

"खुर्ची म्हणत होते मी. वर्षभर माझी वाक्यं तूच पुरी करतेयस. आता डबिंगही करून टाक की!"

काचेमागे मास्तर खुदकन हसले. लेक नाही हसली. तिने खुर्ची ओढून आईला बसवलं.

"तो 'दॅट' काढ ना," आई म्हणाली. "तिथे दमच संपतो बघ माझा. नसला तर अर्थ बदलतो का?"

"अर्थ तोच गं. हातचा शब्द तो. ओठ जास्त हलले की घालायचा, कमी हलले की उडवायचा. इथे तिचं तोंड एकदा जास्त उघडतंय. काढला तर तोंड उघडं आणि आवाज गायब. लोकांना वाटेल, म्हातारी जांभई देतेय."

"दाखव बरं. आवाज बंद करून."

मास्तरांनी चित्र मागे नेलं.

दार. ओठ. ओठ. उघडं तोंड. ओठ, ओठ, ओठ.

"अजून मागून. दाराच्या आधीपासून."

"आधी काय, नुसता जिना आहे, ताई."

"जिनाच दाखवा."

म्हातारी कठडा धरून जिना उतरत होती. एका पायात चप्पल, दुसरी वरच राहिलेली. शेवटच्या पायऱ्या तर जवळजवळ धावतच. दार. ओठ. ओठ.

आई ताडकन उठली. खुर्ची मागे आदळली.

"अगं, ही बोलत नाहीये तिथे! धाप लागलीये तिला! खांदे बघ, खांदे! तू तिचा दम शब्दात धरलास गं!"

लेकीने दोन्ही हात तोंडावर नेले. किती दिवस ती या बाईचे फक्त ओठ बघत होती. चप्पल तिने आज पाहिली.

मास्तरांनी मूळ आवाज लावला, हेडफोन कानांवर दाबून धरले, डोळे मिटले. सगळं संगीत, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी...

"आहे! आयला, आहे की!"

लेकीने शब्द खोडला. इतका जोरात की कागद फाटला. "आई, मग तिथे काय लिहू?"

"काही नको लिहूस."

लेक काचेबाहेर पळाली. लाल दिवा.

"आय न्यू..."

आणि आईने श्वास घेतला. घोगरा, खोल, गळ्यातून खरखरत वर आलेला.

"...यू वुड कम."

दिवा गेला. मास्तर उठले आणि बाहेर गेले. दार बंद होता होता त्यांचा आवाज ऐकू आला, "तुम्हाला उगाच बसवून ठेवलं हो..."

"आई! जमलं! आई गं, जमलं!" लेक आत घुसली आणि तिने आईला अशी मिठी मारली की माईकच कलंडला. आई हसत होती, डोळे पुसत होती, तिलाही धाप लागली होती.

"सोड गं, मला ना आता..."

थांबली.

लेकीने तोंड उघडलं. मिटलं. आदळलेली खुर्ची उचलून ती आईच्या समोर बसली, आणि आईच्या खांद्यांकडे बघत राहिली.