मधल्या पाण्याचा मालक

एस्बर्न कमरेइतक्या पाण्यात उभा होता. काखेत डुक्कर होतं आणि दोन्ही काठांवर फास.

डुक्कर पलीकडच्या काठावरच्या थोरोल्ड कारभाऱ्याचं. एस्बर्नचं घर अलीकडे, वुल्मर कारभाऱ्याच्या गावात. ओढा ओलांडताना मागून थोरोल्डची माणसं धावली, पुढून वुल्मरची आली, आणि गडी मधोमध अडकला. पाणी इतकं गार होतं की मासे ऊब शोधायला त्याच्या विजारीत शिरत होते. खोटं वाटत असेल तर त्या ओढ्यात उतरून बघा.

इंग्लंडातल्या लिंकनच्या त्या सखल मुलखात तेव्हा रीतच तशी होती. ज्या जमिनीवर ज्याचा न्याय चाले, ती त्याची सोक. चोर मालासकट ज्याच्या सोकेत सापडेल, त्यानंच त्याला लटकवायचं. आणि शेजाऱ्याला एकदा का आपल्या जागेत फास लावू दिला, की ती जागा नातवंडांच्या काळापर्यंत शेजाऱ्याचीच.

"ए एस्बर्न्या, इकडं ये!" वुल्मर ओरडला. "नवा कोरा फास आहे. अजून कुणी वापरलेला नाही!"

"त्याचं ऐकू नकोस," थोरोल्ड पलीकडून गरजला. "आमचा फास तीन पिढ्यांचा. एकदाही तुटला नाही!"

"तुम्हीच आधी ठरवा, मी थांबतो," एस्बर्न म्हणाला. त्याचे दात ढोलासारखे वाजत होते.

"पाणी माझ्या सोकेत येतं!" वुल्मर म्हणाला.

"तुझ्या सोकेत तुझी सासूसुद्धा येत नाही!"

दुपारपर्यंत दोन्ही गावं काठांवर बसली. कुणी भाकरी सोडली, कुणी बिअरचं मडकं उघडलं. एस्बर्नचे पाय आता त्याचे राहिले नव्हते. आणखी घटकाभरानं तो कोसळणार, आणि ज्या बाजूला कोसळेल त्या बाजूला लटकणार, हे लहान पोरांनाही कळत होतं.

तेवढ्यात त्याची बायको मेरवेन गर्दीतून पुढं आली. नवऱ्याकडं एकदा बघून तिनं कपाळावर हात मारला.

"डुक्करच आणायचं होतं, तर जरा हलकं तरी बघायचं!" मग ती वळली. "वुल्मर कारभारी, मधलं पाणी तुमचंच ना?"

"माझंच! बापजाद्यांपासून!"

"मग इथला पूल तुम्हीच बांधायचा. गेल्या साली वाहून गेला, तेव्हा पंचक्रोशीच्या सभेत तुम्ही शपथ घेतलीत, मधलं पाणी आपलं नाही म्हणून. ज्याची सोक, त्याचा पूल."

ओक लाकडाचे चाळीस खांब वुल्मरच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले.

"तसं नीट पाहिलं तर," तो घसा खाकरून म्हणाला, "पाणी थोरोल्डचंच."

"माझं?" थोरोल्ड दोन पावलं मागं सरला. "त्याच सभेत मीही तीच शपथ घेतली होती! माझी सोक काठावरच्या त्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळाशी संपते."

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" मेरवेननं दोन्ही काठांना विचारलं. दोन्ही गावं हो म्हणाली, तशी ती नवऱ्याकडं वळली. "अहो, सोडा ते डुक्कर आणि मोकळ्या हातांनी या घरी."

एस्बर्ननं काख सैल केली. तो धडपडत काठावर चढला आणि त्यानं दोन्ही पंजे वुल्मरच्या नाकासमोर धरले. निळे पडलेले, पण रिकामे.

डुक्कर मात्र सकाळपासून त्या काखेच्या उबेला चटावलेलं. ते पोहत त्याच्या मागोमाग काठावर आलं. वुल्मरला राहवलं नाही. त्यानं झडप घालून त्याचे दोन्ही कान पकडले.

"सापडला माल!"

"सापडला!" पलीकडून थोरोल्ड आनंदानं नाचला. "माझं डुक्कर, तुझ्या सोकेत, तुझ्याच हातात! बघा रे सगळ्यांनी, चोर मालासकट!"

मेरवेननं मान वळवून काठावरच्या त्या नव्या कोऱ्या फासाकडं कौतुकानं पाहिलं.

वुल्मरनं चटका बसल्यासारखे हात मागं घेतले.

"कसलं डुक्कर?" तो आभाळाकडं बघत म्हणाला. "मी तर सकाळपासून एकही डुक्कर पाहिलं नाही."

"मग चोरी कसली झाली, कारभारी?" मेरवेननं विचारलं.

"काहीच झालं नाही! जा घरी सगळे!"

एस्बर्न बायकोच्या खांद्यावर भार टाकून घराकडं निघाला, आणि सबंध गावाच्या डोळ्यांदेखत कुणालाही न दिसलेलं ते डुक्कर त्यांच्या मागून निघालं.