शांघायची बाटली आणि मी

मी अबूबकरचा थर्मास बोलतोय. पोटात सध्या साधं पाणी आहे, पण जळतोय मात्र खराखुरा.

१९९६ साली कतारमध्ये, दोह्याच्या सूकमध्ये म्हणजे बाजारात, अबूबकरने मला घेतलं. तो मूळचा रत्नागिरीकडचा, मेसईदच्या खत कारखान्यात क्लार्क. सकाळी त्याची बायको रबिया डब्याच्या दुधाचा, वेलची ठेचलेला कडक चहा माझ्यात ओतायची आणि झाकण पिळून म्हणायची, "यल्ला, निघा, बस चुकेल." नऊ वर्षं हा मान माझा होता.

२००५च्या ईदच्या सुट्टीत कोकणी मंडळींचा ग्रुप शांघायला निघाला. रबियाने कपड्यांच्याही आधी मला पिशवीत ठेवलं. केवढा फुगलो होतो मी!

तिथे फिरायचा दिवस म्हणजे नुसती पळापळ. पुढे पिवळी झेंडी घेतलेली गाइड, मागे आम्ही बावीस जण. नदीकाठी फोटो झाले, मग उंच मनोऱ्याची रांग. सकाळी हॉटेलात केलेला चहा माझ्यात होता. रांगेत एकेकाने "भाभी, एक घोट" म्हणत दुपारपर्यंत मला रिकामं केलं. तरी मी तोऱ्यात होतो. एवढ्या मोठ्या शहरात सगळ्यांची तलफ मीच भागवली होती.

मग जुन्या बागेतला नागमोडी पूल आला. गाइड म्हणाली, भूत सरळच चालतं, म्हणून पूल वाकडा बांधलाय. मत्सराचं भूत वाकड्या पुलावरूनही येतं, हे तिला कोण सांगणार?

पुलापलीकडच्या दुकानात रबिया डोकं धरून बसली. चहाशिवाय तिचं डोकं उठतं. इंग्रजी येत नाही, चिनी तर दूरच. वैतागून ती आपल्या बोलीतच ओरडली, "चहा! चहा दे गो बाय!"

दुकानातली म्हातारी खुदकन हसली. "छा! छा!" म्हणत तिने काचेच्या बाटलीत हिरवा पाला टाकला, वर उकळतं पाणी ओतलं. ना दूध, ना साखर. मला वाटलं, रबिया थुंकणार. तिने सगळा संपवला, म्हातारीचा हात धरून हसत राहिली आणि ती बाटलीच विकत घेतली. परतताना ती सटवी माझ्याच पिशवीत, माझ्या अंगाला टेकून! सवतीमत्सर काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर रबियाने शेजारच्या बिलकिसला तो किस्सा दहादा सांगितला. "अगो, मी नुसतं चहा म्हटलं, नि ती समजली!" बावीस जणांना पाजलेल्या चहाचं नावही नाही. त्यात डॉक्टरांनी अबूबकरची साखर बंद केली. खलास! दुधाचा गोड चहा बंद, हिरवा पाला सुरू. बाटली ड्युटीवर, मी कपाटावर. ती फुटावी म्हणून किती दुआ मागितल्या, विचारू नका.

वर्षभराने रबियाने मला खाली काढून घासलं. मी हुरळलो. तिने माझ्यात नुसतं गरम पाणी भरलं. एसीत बाटली लगेच निवते, म्हणून तिच्या पाल्यावर दिवसभर ओतायला! ऊब माझी, कौतुक तिचं.

काल सुट्टी होती. घोट घेता घेता अबूबकर थबकला.

"रबिया, यात वेलची टाकलीस?"

"नाय वो."

तिने माझं झाकण उघडलं आणि बराच वेळ नाकाशी धरलं. मग हळूच म्हणाली, "अवो, हा तर आपला जुना चहा."

घासून जात नाही तो, रबिया. वर्षातून एकदा, ईदला तरी, तो माझ्यात भर. आणि त्या बाटलीला समोर ठेव. बघू दे तिला.