शिंप्याच्या यकृतातील नळीची कैफियत

मी बोलते आहे ती एका शिंप्याच्या यकृतातून. करंगळीएवढी, तारेच्या जाळीची नळी मी.

माझा जन्म एका स्वच्छ, थंड कारखान्यात झाला. मानेतल्या शिरेतून डॉक्टरांनी मला आत नेले आणि दोन मोठ्या शिरांच्या मध्ये उघडले. शिंपीमास्तरांचे यकृत दगडासारखे झाले होते. रक्त त्यातून पुढे सरकेना, म्हणून पोटात पाणी साठत होते. मी त्या रक्ताला आडवाट दिली.

दीड महिन्यात पोट उतरले. त्यांच्या पत्नी रोज दुकानातल्या टेपने घेर मोजत. ‘आता तुमचाच सदरा आत घ्यावा लागणार,’ असे त्या म्हणाल्या तेव्हा, खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

परंतु माझ्यात एक उणीव आहे, आणि डॉक्टरांनी ती आधीच सांगितली होती. माझ्या वाटेने जाणारे रक्त गाळले जात नाही. आतड्यातील विष डोक्यात चढू नये म्हणून एक गोड, चिकट औषध दिवसातून तीनदा घ्यायचे; त्याने दोन-तीनदा शौचास झालेच पाहिजे. मास्तरांनी शब्द दिला.

पुढे दुकानात कामाची गर्दी वाढली. गिऱ्हाईक अर्धा कोट अंगात घालून उभे असताना, ओठांत टाचण्या धरलेल्या माणसाने पळायचे तरी कुठे? मास्तर औषध मापात ओतत, मोरीत सांडत आणि माप विसळून पालथे ठेवत. पालथे माप पाहून पत्नी निश्चिंत होत. मला मात्र रक्तावरून सारे कळत होते.

पंधरा दिवसांनी त्यांनी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. त्याच संध्याकाळी पत्नीलाच विचारले, “बाई, कोट कुणासाठी शिवायचाय?”

इस्पितळात तीन दिवसांनी ते शुद्धीवर आले. औषध चुकले होते का, असे डॉक्टरांनी विचारले.

“एकदाही नाही. हवं तर हिला विचारा.”

“माप मी स्वतः बघते हो, डॉक्टर,” पत्नी म्हणाल्या. “ही नळी बसवल्यापासूनच बिघडलं सगळं. आधी पोट फुगलेलं होतं, पण माणूस आमचा होता.”

औषध घेऊनही विष डोक्यात चढते म्हटल्यावर दुसरा इलाज उरला नाही. माझ्या आत आणखी एक अरुंद नळी घालून मला आवळायचे ठरले. पाणी पुन्हा साठेल, हेही डॉक्टरांनी सांगितले. मास्तरांनी संमतीपत्रावर सही केली. अक्षर वळणदार, रेघ सरळ.

ती सहीच मला लागली. भ्रमात ते मला वाटेल ते बोलले असते, तरी मी पोटात घातले असते. ही सही शुद्धीतली आहे. भोळ्या बायकोला खोट्याची साक्षीदार केले, तेही शुद्धीतच.

आता त्यांना टेबलावर घेतले आहे. मास्तर, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. एक वाक्य पुरेल. लाज वाटेल, पण लाजेने कुणाचे पोट फुगत नाही.

काही सांगायचे राहिले आहे का, असे डॉक्टर विचारत आहेत.

“नाही. लवकर उरका. गिऱ्हाईक खोळंबलंय.”

बरे तर. तुम्ही असाल तोवर मी इथेच आहे. आपली सोडचिठ्ठी होणे नाही. परंतु यापुढे माझ्याकडून मायेची अपेक्षा ठेवू नका. जेवढी वाट ठेवाल, तेवढेच रक्त जाईल.