हात वर केलेली सावली

अवधूत फोनवर बोलायचा म्हणजे काय, तर 'हं', 'बरं' आणि 'ठेवतो'. वैजयंतीबाईंनी या बाबतीत धाकट्या मुलाची आशा कधीच सोडली होती. थोरला मिलिंद त्यांना लंडनजवळ मेडनहेडला आपल्याजवळ घेऊन आला होता, औषधांच्या वेळा सांगून सांगून त्यांचं डोकं खायला तो समर्थ होता. धाकटा तिकडे ग्लासगोला, बायकोला घेऊन सुट्टीचा प्रत्येक दिवस डोंगरात. फोन करायचं नाव नाही. पण लेकानं आईसाठी एक भलताच उद्योग काढला होता.

दर रविवारी तो कुठल्या तरी तळ्याकाठी नाहीतर खिंडीत ट्रायपॉड उभा करायचा, कॅमेरा थोडा थोडा वळवत चहूबाजूंचे फोटो काढायचा, आणि घरी आल्यावर ते कॉम्प्युटरवर कडेला कड लावून जोडले जायचे. त्यांचं एक कडं तयार व्हायचं. ते त्याच्या वेबसाइटवर चढलं की मेडनहेडला वैजयंतीबाई माऊस दाबून धरायच्या आणि ओढायच्या, की अख्खी जागा त्यांच्याभोवती फिरायला लागायची. पुढे पाणी, बाजूला डोंगर, मागे वळलं तर आलो ती पायवाट. गुडघे गेलेले, छातीत धाप, आणि बाई खुर्चीत बसून सगळं स्कॉटलंड पालथं घालत होत्या. "आज ग्लेनको करून आले," असं मिलिंदला जेवताना सांगायच्या, आणि तेही दमल्यासारख्या.

आता, ऊन पाठीशी असलं की फोटो काढणाऱ्याची सावली एका फोटोत येतेच. बाकीचे लोक ती घासूनपुसून काढून टाकतात. अवधूत मुद्दाम ठेवायचा. डावा हात कॅमेऱ्यावर आणि उजवा वर केलेला, अशी लांबलचक सावली गवतावर पडलेली असायची. वैजयंतीबाई चित्र फिरवत फिरवत ती शोधून काढायच्या आणि आपलाही हात वर करायच्या. हाच मायलेकांचा फोन.

फेब्रुवारीत असाच एक फोटो काढून परतताना रस्त्यावरच्या बर्फावरून अवधूतची गाडी घसरली आणि तो जागच्या जागी गेला. डिकीतला कॅमेरा आणि ट्रायपॉड धड राहिले. पोलिसांनी ते त्याच्या बायकोला, श्रद्धाला, आणून दिले, सही घेतली, आणि फार सभ्यपणे सॉरी म्हणाले.

मिलिंद आईला कॉन्फरन्स आहे सांगून ग्लासगोला आला. भावाला अग्नी दिला, घरी आला, आणि श्रद्धासमोर बसून म्हणाला, "आईचं बायपास तोंडावर आलंय. आत्ता कळलं तर ती टेबलापर्यंत पोचायची नाही. ऑपरेशन होऊ दे, मग सांगू."

श्रद्धाच्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, हे पाप आहे. त्यांचा मुलगा गेलाय आणि त्यांना रडूही द्यायचं नाही?"

"तुला काय वाटतं, मला हे करायला आवडतंय?" मिलिंद म्हणाला आणि तोंड फिरवून बसला. मग म्हणाला, "फोन येत नाही त्याचं तिला काही वाटायचं नाही. पण रविवारचं चित्र चुकलं, तर विचारेल."

जोडाजोडीचं काम तसं पहिल्यापासून श्रद्धाचंच. अवधूत फोटो काढणार आणि घरी येऊन सोफ्यावर आडवा होणार. कॉम्प्युटरवर न जोडलेले जुने फोटो पडले होते, त्यावर थोडे दिवस निभले. ते संपले तेव्हा तिनं दाराच्या खुंटीवरचं त्याचं जाड जॅकेट अंगात घातलं, टोपी डोक्यावर ओढली, ट्रायपॉड खांद्यावर टाकला आणि ट्रेन पकडून बॅलखला गेली.

स्कॉटलंडमधलं ऊन म्हणजे प्लंबरसारखं, येतो म्हणतं आणि येत नाही. लॉक लोमंड तळ्याच्या काठावर ती कुडकुडत उभी राहिली. शेवटी ढग बाजूला झाले आणि गवतावर एक सावली पडली. रुंद खांद्यांची, टोपीवाली, अवधूतची. ती आपलीच आहे, हे माहीत असूनही श्रद्धानं मागे वळून पाहिलं. तिनं डावा हात कॅमेऱ्यावर ठेवला आणि उजवा वर केला. परतीच्या ट्रेनमध्ये ती जॅकेटच्या बाहीत तोंड घालून रडली. समोरच्या म्हातारीनं तिला न बोलता टिश्यूचं पाकीट दिलं.

सोमवारी वैजयंतीबाईंचा मेल आला, इंग्रजी अक्षरांत मराठी, एका बोटानं टाइप केलेला. 'हात असा काय धरलास, मास्तरांना उत्तर येत असल्यासारखा? जेवतोस ना नीट?'

पुढच्या वेळी श्रद्धानं कोपर जरा वाकवलं, अवधूत वाकवायचा तसं. मग कोणाला फरक कळेना.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. मिलिंद म्हणाला, टाके भरू देत. श्रद्धा आरोखरला गेली, लस्सला गेली. लस्सला वारा असा सुटला होता की टायमर लावून ट्रायपॉड धरूनच ठेवावा लागला, दोन्ही हात अडकलेले. हात वर करायचा राहिला हे तिच्या लक्षात आलं ते रात्री उशिरा, आणि तोवर चित्र जोडून पाठवूनही झालं होतं. डोळे मिटत असताना केलेलं काम. आता आई विचारणार, हात का नाही केलास? ती मनाशी सबब जुळवत होती तेवढ्यात मेल आला. 'आज किती छान हात केलास रे. अगदी लहानपणी शाळेच्या बसमधून करायचास तसा.'

श्रद्धानं चित्र उघडलं. फिरवलं. सावलीचा उजवा हात वर होता.

केला असेल, ती स्वतःला म्हणाली. दमले होते, आठवत नसेल. माणूस अशा वेळी काय काय विसरतो. पण ट्रायपॉडचा थंड पाय दोन्ही मुठींत धरलेला तिला चांगला आठवत होता.

म्हणून पुढच्या रविवारी तिनं कॅमेऱ्याला पुन्हा टायमर लावला आणि दोन्ही हात खिशात घातले. कोपरापर्यंत खुपसले म्हणा ना. खाली पाहिलं. गवतावरच्या सावलीचेही हात खिशात. क्लिक झालं. घरी आल्याआल्या, जोडाजोडी न करता, तिनं कार्डावरचा मूळ फोटोच उघडला. सावलीचा एक हात खिशात होता. दुसरा वर होता, कोपरात जरासा वाकलेला.

श्रद्धा घाबरली का? घाबरली. स्वयंपाकघरात जाऊन सगळे दिवे लावून उभी राहिली. पण ती भीती जेमतेम चहा उकळेपर्यंत टिकली. नंतर ती पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसली आणि त्या हाताकडे बघत राहिली, आणि फेब्रुवारीपासून पहिल्यांदा तिला भूक लागली.

तेव्हापासून तिचं सगळंच बदललं. आठवडाभर ती हवामानाचा अंदाज बघायची, ऊन कुठे पडणार ते. बँकेतलं काम हातून कसंबसं व्हायचं. मैत्रिणी बोलावून थकल्या. रविवारी जॅकेट घालायचं, उभं राहायचं, हात खिशात घालायचे, आणि घरी येऊन बघायचं. दर वेळी तो असायचा. तो हात आईसाठी आहे, आपल्यासाठी नाही, हे तिला पुरतं कळत होतं. तिला तेवढंही चालत होतं.

आणि नेमका तेव्हाच मिलिंदचा फोन आला. "डॉक्टर खूश आहेत. आई जिना चढायला लागलीय. ईस्टरला तू ये, आपण दोघं बसून सांगू."

"अजून थोडे दिवस जाऊ देत, दादा."

"काय?"

"घाई नको एवढंच म्हणतेय."

"श्रद्धा, हे पाप आहे म्हणणारी तूच ना?"

"म्हणाले होते," ती म्हणाली. त्याला कसं सांगणार? आईंना कळलं की चित्र पाठवायचं कारण संपलं, आणि कारण संपलं की त्या हातालाही वर व्हायचं कारण उरणार नाही. नवरा एकदा गेला होता. तो दुसऱ्यांदा जाणार होता, आणि या वेळी तिच्याच तोंडच्या शब्दांनी.

ईस्टरला ती निघाली ती सांगायचं नाही हे ठरवूनच. लंडनला यूस्टन स्टेशनवर उतरल्यावर आरशासमोर उभं राहून तिनं पर्समधलं मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं, कारण आईंची नजर आधी गळ्याकडे जायची.

मेडनहेडच्या घरी वैजयंतीबाईंनी चैत्रगौर बसवली होती. साउथॉलहून कैऱ्या मागवून डाळ केली होती, पन्हं केलं होतं. छातीवरच्या टाक्यांची पर्वा न करता बाई आज सणापुरत्या घरभर फिरत होत्या. श्रद्धाला बघून म्हणाल्या, "एकटीच आलीस? तो डोंगरातच असणार म्हणा. काय गं ही दशा? हाडं लागतात हाताला. तो तुला खायला देतो की नुसतंच डोंगर दाखवतो?" आणि उत्तराची वाट न बघता तिला हाताला धरून खोलीत कॉम्प्युटरसमोर घेऊन गेल्या. "तुला गंमत दाखवते. मिलिंदला सांगितलं तर मला पुन्हा हॉस्पिटलात टाकेल."

पडद्यावर मागच्या रविवारचं चित्र होतं. त्यांनी माऊस ओढला. पाणी गेलं, डोंगर गेला, झाडं गेली, आणि सावली आली.

"आता बघ हं." वैजयंतीबाईंनी हात वर करून बोटं हलवली. "मी हलवला की तोही हलवतो."

"आई, तो फोटो आहे. फोटो हलत नसतो."

"तू बघ तर."

श्रद्धानं पाहिलं. सावलीची बोटं हलली. ऊन हललं म्हणा, डोळ्यांत पाणी आलं म्हणून तसं दिसलं म्हणा, पण हलली. तिला हसूच आलं. आपणही हात वर करावा म्हणून तिनं खांदा उचलला, आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. तिथे सकाळचा चहा साय धरून पडला होता. त्याच्या शेजारी गोळ्यांची डबी होती, वारांच्या खणांची. बुधवारपासूनचे सगळे खण भरलेले.

"आई, गोळ्या घेतल्या नाहीत तुम्ही?"

"अगं, पाण्यासाठी इथून उठले की तो एकटा पडतो," वैजयंतीबाई सहज म्हणाल्या. पडद्यावरची नजर त्यांनी काढली नाही. "परवा डॉक्टरांकडे जायचं होतं, तेही नाही म्हटलं. घेईन गं नंतर."

श्रद्धाला तो चेहरा ओळखीचा वाटला. कॉम्प्युटर बंद केल्यावर काळ्या पडद्यात तिला रोज दिसायचा तोच. आपण निदान तरुण आहोत, आपण कशाबशा निभावू. या बाई इथेच बसून हात हलवत हलवत संपतील, आणि आपण त्यांना दर रविवारी त्यासाठी चित्र पाठवत राहू.

"बरं, ऊठ," वैजयंतीबाई म्हणाल्या. त्या कुंकवाची कोयरी घेऊनच आल्या होत्या. "चैत्रगौरीचं कुंकू लावते. त्याच्यासमोरच लावते, म्हणजे त्यालाही दिसेल." त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि तिच्या कपाळाकडे नेलं.

श्रद्धानं त्यांचं मनगट धरलं. "नका लावू, आई."

"का गं? अडचण आहे का?"

"नाही." मिलिंद दारात येऊन उभा राहिला होता, तिला तो दिसत होता. "अवधूत गेला, आई. फेब्रुवारीतच गेला. बर्फावरून गाडी घसरली. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

वैजयंतीबाईंनी मिलिंदकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मग बाई सावकाश खुर्चीत बसल्या. मिलिंद धावला, पण त्यांनी त्याला हातानंच थांबवलं. मग त्यांच्या तोंडून असा आवाज आला की श्रद्धानं खाली बसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं, आणि दोघी मिळून रडल्या, जसं फेब्रुवारीत रडायला हवं होतं तसं.

रडणं ओसरल्यावर वैजयंतीबाई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग हा कोण?"

"मी. त्याचं जॅकेट घालून."

"आणि हात?"

"माझाच."

"सगळे?" त्यांनी तिची हनुवटी धरून वर केली. आवाजात एवढी आशा होती की श्रद्धाला ते ऐकवेना. "प्रत्येक वेळी तूच? एकदाही असं झालं नाही, की..."

श्रद्धा पडद्याकडे पाठ करून बसली होती. मागे काय हलतंय ते वळून बघावं असं तिच्या जिवाला फार फार वाटलं. एक शब्द बोलली असती तर अवधूत तिचाही राहिला असता आणि आईंचाही. आणि दोघी इथंच बसून राहिल्या असत्या.

"सगळे, आई," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी माझाच हात होता."

वैजयंतीबाईंनी डोळे मिटून घेतले. मग तिचा उजवा हात आपल्या मांडीवर ओढला आणि खांद्यापासून खाली चेपायला लागल्या. बोटाचं कुंकू बाहीला लागत गेलं.

"थंडीत एवढा वेळ वर धरायचीस," त्या म्हणाल्या. "दुखला असेल गं."

"हो आई," श्रद्धा म्हणाली. "खूप दुखला."