वाटी बसवणारे महाराज

सुकापूरच्या धर्मराज महाराजांच्या दरबारात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. सरकलेली गुडघ्याची वाटी महाराज नुसत्या आवाजाने जागेवर आणतात, अशी ख्याती. माणूस कळवळत यायचा, महाराज गरजायचे, "पाय लांब कर!", टक् असा आवाज व्हायचा आणि सगळे हात जोडायचे. तो टक् मीही ऐकला होता. या सिद्धीला गुडघ्याखेरीज दुसरा अवयव का जमत नाही, एवढीच माझी शंका.

आज आमच्या शेजारच्या कल्पेशने मुलीला, वसुंधराला, उचलून आणलं होतं. कबड्डीत वळताना तिची वाटी पुन्हा, तिसऱ्यांदा, बाहेर सरकली होती. रविवारी जिल्हा संघाची निवड. डॉक्टर नको, अंगारा लावून खेळू द्या, असा महाराजांचा आदेश पहिल्या वेळेपासूनच होता. पोरगी पाय दुमडून, ओठ चावत बसलेली. महाराज मात्र पडद्याआड पूजेत, कारण भक्त जितका रडेल तितका चमत्कार मोठा.

मला राहवेना. खांदा कॉलनीतल्या हाडांच्या डॉक्टर ज्युडिथ माझ्या ओळखीच्या. त्यांना फोन करून बोलावलं. पाय असा दुमडून का ठेवलाय, हा त्यांचा पहिला प्रश्न.

"महाराजांच्या गादीसमोर आमी पाय कसं पसरायचं?" कल्पेश म्हणाला. "पाप हाय."

डॉक्टरांनी पाय धरून हळूहळू सरळ केला, वाटी अलगद आत सारली. टक्.

पडदा सरकला. आपण आतूनच कृपा पाठवली, असं महाराजांनी तत्काळ जाहीर केलं.

"मग आतूनच पाय सरळ करायला सांगायचं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पाय सरळ झाला की मांडीचा स्नायू सैल पडतो आणि वाटी बहुधा आपली आपण परत येते. ती पुन्हा निसटू नये, हे खरं काम."

दवाखान्यात त्यांनी वाटी जराशी बाहेर रेटली, तर ती पुन्हा निसटणार या भीतीने वसुंधराने त्यांचा हातच पकडला. एमआरआयमध्ये दिसलं, वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध फाटलाय, कूर्चेचा तुकडाही उडालाय. आता ऑपरेशन आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. रविवारी खेळली असती तर गुडघा कायमचा गेला असता.

कल्पेशने हळूच विचारलं, "पयल्यांदाच आणली असती तर?"

"कदाचित पट्टा आणि व्यायामावर भागलं असतं."

निवड तिच्याविना झाली. पोर दिवसभर रडली, आणि मला महाराजांपेक्षा त्या टक् ला हात जोडणाऱ्या आम्हा सगळ्यांचाच राग आला. देवाला खुशाल नमस्कार करा. पण वाटी सरकली तर पाय सरळ ठेवा आणि तडक डॉक्टरांकडे जा. बसली म्हणजे बरी झाली, असं नसतं.