पट्टीखालचा दिवा

चिकटपट्टीचा तुकडा नखाएवढाच होता, एका कोपऱ्यातून उचललेला, आणि त्या कडेखाली धूळ जाऊन काळी रेघ धरली होती. बोट कापलं की लावतात ती पट्टी, कातडीच्या रंगाची — पण कुणाच्याच कातडीचा तसा रंग नसतो, असं तिला दर वेळी वाटायचं. पट्टीखाली रेकॉर्डरचा लाल दिवा होता. तो दिसला की माणसं सावरून बसतात, 'आम्ही कामगारवर्ग' अशी भाषणाला सुरुवात करतात. म्हणून तो झाकायचा, ही युक्ती सरांची. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक, आता विभागाचे प्रमुख. समोरच्याला यंत्राचा विसर पडला पाहिजे, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. समोरच्याला. यंत्र चालवणाऱ्यालाच विसर पडला तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि गोदीतले हमाल, गिरणीतल्या बाया, संघटनांचे थकलेले चिटणीस ऐकत काढलेल्या नऊ वर्षांत तिनंही विचारलं नव्हतं.

तिनं हेडफोन कानांवर बसवला. एक्कावन्न मिनिटं, वीस सेकंद. इथं फोन वाजतो.

"निघतेच," हा तिचा आवाज. मग खुर्चीचा नाही, पिशवीचा आवाज. मग पुन्हा तीच, जरा घाईत — "बंद केलं हं मावशी. मुलीला ताप आलाय, पाळणाघरातून फोन होता."

बंद केलं हं. किती सरळ वाक्य. तीन आठवड्यांत तिनं ते चाळीसेक वेळा तरी ऐकलं असेल — आणि दर वेळी त्या 'हं'च्या मागे कान लावून बसायची, की बटण दाबल्याची बारीकशी टिक कुठं येते का. टिक येणार कशी? बंद होण्याचा आवाज टेपवर सापडत नसतो. सापडलं ते पुढचं सगळं.

मावशी म्हणजे तार. दिव्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई. अंगानं तारेसारखी आणि तापली की उजेड पडतो, म्हणून बरोबरच्या बायकांनी ठेवलेलं नाव. तीस वर्षांपूर्वी दिवस गेलेल्या सात बायकांना कंपनीनं कामावरून कमी केलं, तेव्हा हिनं एकतीस दिवस गेट बंद ठेवलं. सहा जणी परत आल्या. सातवीनं 'स्वखुशीनं माघार घेतली', असं संघटनेच्या पुस्तिकेत एका ओळीत छापलंय. त्या एका ओळीपाशी तिचं पुस्तक दोन वर्षं अडून बसलं होतं, आणि पुस्तकापाशी विद्यापीठातली तिची कायम नेमणूक.

त्या दिवशी तारेनं रेकॉर्डर हातात घेऊन उलटसुलट केला होता. "ही काय, दिव्याला पट्टी? लागलं काय त्याला?" आणि दोघी हसल्या होत्या. तारेच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही म्हणून खोलीचा पडदा ओढलेला. "बावीस वर्षं एकच बघितलं — लागतोय की नाही लागत. अजून रस्त्यानं चालताना खांब बघते. हा गेला, हा चार दिवसांत जाणार. माझा अंदाज चुकत नाही, विचार हिला." ही म्हणजे धाकटी जाऊ, आत स्वयंपाकघरात. दोघी विधवा, एकाच घरात, एकीचा चष्मा दुसरी शोधून देणार...

"मॅडम, ती शेवटची फाईल द्या ना." विभागातली टंकलेखिका दारात उभी होती. "बसून बसून पायाला मुंग्या आल्यात माझ्या."

"थोडी साफ करायची राहिलीय."

"साफ मी करते की. खोकले, शिंका, कुकरच्या शिट्ट्या सगळं काढते. मागच्या त्या आजोबांनी मध्येच सुनेला शिव्या घातल्या होत्या, त्या तर मी तीनदा ऐकून काढल्या."

"उद्या देते."

"उद्या म्हणजे उद्याच हं," असं म्हणून ती गेली. तिच्या चपला व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आल्या.

खरं तर सोपं होतं. एक्कावन्न मिनिटं वीस सेकंदांवर रेघ मारायची, पुढचं पुसून टाकायचं. इतकं सोपं की तीन आठवडे बोट तिथंच होतं.

"सकाळी नव्हता ताप?" टेपवरची तार विचारते.

आणि मग ती जागा, जिथं ती डोळे मिटून घ्यायची. आपलाच आवाज, पण सैल, ओळख नसलेला — "होता. औषध पाजून आणली. तासाभरात उतरतो ना, तेवढ्यात सोडून आले. ताप असला की घेत नाहीत ते. तुमची आजची वेळ चुकली असती तर..."

हे मी का सांगितलं? नवऱ्याला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. मुलाखतीच्या पद्धतीच्या वहीत पहिल्याच पानावर तिचं स्वतःचं अक्षर आहे — थोडं आपलंही सांगावं, म्हणजे समोरचं माणूस मोकळं होतं. म्हणून सांगितलं? की गळा भरून आला होता म्हणून? टेपवर गळा भरल्यासारखा वाटतो खरा, पण आपलाच गळा आपण किती ओळखतो... चांगल्या मुलाखतकाराचा गळाही वेळेवर भरत असेल.

तार हसली होती. वाईट नव्हतं ते हसू. "मग तू आमच्यातलीच की गं. आम्ही काय वेगळं केलं?" आणि मग — "बंद केलंस ना?"

"हो."

"बंद केलंस ना नक्की? मग ऐक. सातवी कोण ते ठाऊक आहे ना तुला? आत चहा टाकतेय ती."

आवाज इथून खाली जातो, पण शब्द न् शब्द कळतो; यंत्र चांगलं आहे, विभागानं यंदाच घेतलंय.

"साहेबानं मला एकटीला आत बोलावलं. म्हणाला, सहा घेतो, सात नाही. एक नाव तुम्हीच खोडा, नाहीतर उद्या गेट उघडून नव्या बाया भरतो. कुणाचं खोडू? परक्या बाईचं खोडून तिच्या दारावरून चालू कशी? घरातलीच काढली. म्हटलं, घरात आहे, आपल्या ताटातलं खाईल. सही केली न् घरी येऊन सांगितलं, तुझं काही ऐकलं नाही गं त्यांनी. तर तीच मला धीर देते — असू द्या जाऊबाई, सहा तरी आल्या." आणि मग, त्याच दबक्या आवाजात, "माझी दोन पोरं तिनं वाढवली, तिची एक. पाळणाघर पाहिजे म्हणून गेटवर घसा फोडला मी, आणि माझं पाळणाघर माझ्याच घरात, फुकटात."

मग कपबशा. जावेचा आवाज, लांबून जवळ येणारा — "साखर बघ गं पोरी, यांना कमी लागते म्हणून सगळ्यांना कमीच पडते." आणि तार, श्वासही न घेता, खणखणीत — "...तर आम्ही गेटवर काय केलं, सतरंजीच घातली!"

ती शिवण कुठंच दिसत नाही. तीस वर्षांच्या सरावाची शिवण.

एक तास नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर खुर्ची सरकते. ही ती, आता उठलेली. फोन आल्यापासून अठरा मिनिटं वीस सेकंद. त्या संध्याकाळी, मुलीच्या कपाळावरची घडी बदलताना, ती नवऱ्याला म्हणाली होती, "फोन आला तशीच उठले मी." तो म्हणाला होता, "तू तरी काय करणार एकटी." तिनं मान हलवली होती. कारखान्यातल्या बायकांना संडासात किती मिनिटं लागतात हे घड्याळ लावून टिपणाऱ्या मुकादमावर तिनं तेरा पानं लिहिलीत. चांगली लिहिलीत. जरा रागानंच लिहिलीत.

जेवणाच्या सुट्टीनंतर सर डोकावले. "काय, सातवीबद्दल बोलली का ती?"

"बोलतेय... हळूहळू."

"हळूहळू म्हणजे? शुक्रवारी बाड प्रकाशकाकडे गेलं पाहिजे, म्हणजे निवड समितीच्या आधी कच्ची छपाई तरी हातात येईल. अगं, समितीला बाकी काही कळत नाही, पण सहा आणि सात यांतला फरक कळतो." ते स्वतःच हसले. मग दारातून वळून, जरा मऊ आवाजात, "मिळालंय तुला काहीतरी. चेहऱ्यावर दिसतंय."

"नाव न घालता लिहिलं तर?"

"सात जणींत नाव न घालून कुणापासून लपवणार? समितीपासून? त्यांना नाव नकोच आहे."

बरोबर होतं. ज्या एकीपासून लपवायचं तिला नाव लागणारच नव्हतं. सर गेल्यावर तिला वाटलं, जाऊ पुस्तक वाचते का, हे विचारायचं राहिलं. मुलाखतीच्या पहिल्या पानावर शिक्षणाचा रकाना असतो. पण तो तारेचा भरला. चहा आणणाऱ्या बाईचा रकाना नव्हता.

साडेचारला ती पाळणाघराच्या दाराशी. काकूंनी मुलीला कडेवरून खाली सोडलं, ती दुडदुडत येऊन पायाला बिलगली. "आज मस्त खेळली. अंग गार आहे. हात लावून बघा हवं तर."

तीन आठवडे रोज हेच वाक्य. काळजी की टोमणा, काकूंच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नव्हतं. चेहरा सगळ्या आयांसाठी एकच ठेवलेला. तिनं मुलीच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तरी हात काढायला उशीरच झाला.

घरी येताना, मुलगी खांद्यावर पेंगत असताना, रस्त्याकडेच्या खांबावर भर उन्हात एक दिवा जळत होता, विझवायचा राहून गेलेला. ती चार पावलं पुढं गेली आणि थांबली.

लागतोय की नाही लागत.

बावीस वर्षं. पडदा ओढलेली खोली. यंत्र तार आणि ती यांच्या मध्ये, स्टुलावर, पट्टीची बाजू तारेकडे. ती स्वतः पिशवी शोधत होती, फोन शोधत होती, तिनं पाहिलंच नव्हतं. पण तार पाहत होती. आणि विचारलं तिनं, दोनदा विचारलं — बंद केलंस ना नक्की? खांबावरचा दिवा चार दिवसांत जाणार हे जिला कळतं, तिला पट्टीखालचा उजेड... मग ते विचारणं कशासाठी होतं? माझ्याकडून 'हो' घेण्यासाठी? म्हणजे सांगितल्याचा दोष तिचा नाही, टिपल्याचा माझा, आणि तीस वर्षांनी एकदाचं ते कुठंतरी उमटून राहील...

छाती हलकी झाली. इतकी हलकी, इतक्या पटकन, की त्या हलकेपणाचाच तिला संशय आला. शुक्रवारच्या तीन दिवस आधी सुचलेला विचार. सोयीचा विचार कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. मालकांच्या पत्रव्यवहारात तिनं असे शेकड्यानं वाचले होते.

मुलीला पाळण्यात ठेवून तिनं पुढच्या खोलीचा पडदा ओढला. पाच वाजत आले होते, कडेनं ऊन आत येतच होतं. तिनं कडेला उशी लावली. रेकॉर्डर स्टुलावर ठेवला, पट्टी आपल्याकडे. बटण दाबलं. खुर्चीवर बसली — तार बसली होती तेवढ्याच अंतरावर, अंदाजानं.

पट्टी. कातडीच्या रंगाची, आता राखाडी. काही नाही... मग वाटलं, मध्यभागी जरा ऊब आहे, लाल नाही, लालाची ऊब. उचललेल्या कोपऱ्याकडे जास्त. पापणी हलली की जायची. दिसतंय. दिसतंय का? की दिसायला हवंय म्हणून? तिनं डोळे मिटले तर आतही तोच रंग होता. माझे डोळे बावीस वर्षांचे नाहीत, ती मनात म्हणाली, माझ्या डोळ्यांनी हे ठरणार नाही. आणि तारेला जाऊन विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं की चालू होता. त्या वेळी जाऊ घरातच असणार, चहा टाकत.

आत मुलगी जागी होऊन कुरकुरली. रडणं नाही, रडण्याच्या आधीचं.

आता हेही उमटतंय, तिच्या ध्यानात आलं — ही कुरकुर, आणि इथून मी उठेपर्यंतचं सगळं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती यंत्राच्या या बाजूला बसली होती. कुणी काही विचारत नव्हतं. तरी पाठ ताठ झाली, आणि ती सावरून बसली, दिवा दिसल्यावर माणसं बसतात तशी.